रसायनी आणि जखम धुण्याची औषधे

रसायनी हे खालापूर तालुक्यातील पाताळगंगा नदीच्या खोऱ्यातले औद्योगिक गाव. रंग, औषधे आणि कीटकनाशके यांना लागणारी मूळ सेंद्रिय रसायने देशातच तयार व्हावीत, यासाठी १२ डिसेंबर १९६० रोजी ‘हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स’ ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि तिचा कारखाना येथे उभा राहिला. नायट्रोबेंझिन, त्यापासून ॲनिलिन, ॲनिलिनपासून ॲसिटॅनिलाइड अशी मालिका तेथे तयार होई. जखमेच्या अनेक औषधांचे मूळ याच कुळात सापडते.

कारखान्यांपूर्वी आणि नंतरही कोकणपट्टीत घरगुती उपाय चालत. कापले तर हळद दाबायची किंवा शेताच्या बांधावरचा दगडी पाला चुरगळून त्याचा रस लावायचा. हळदीच्या या वापरावर १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट दिले गेले. रघुनाथ माशेलकर महासंचालक असलेल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने (सीएसआयआर) जुन्या ग्रंथांचे पुरावे देऊन त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. मात्र रक्त थांबणे वेगळे आणि जखम निर्जंतुक होणे वेगळे. स्वयंपाकघरातल्या डब्यातील हळद निर्जंतुक नसते.

जंतूंचा विचार करून जखम धुण्याची पद्धत शल्यचिकित्सक जोसेफ लिस्टर यांनी रूढ केली. १८६७ मध्ये त्यांनी कोळशाच्या डांबरातून मिळणाऱ्या कार्बोलिक ॲसिडचे, म्हणजे फिनॉलचे, अनुभव प्रसिद्ध केले. जखमा चिघळण्याचे प्रमाण घटले, पण फिनॉलने कातडी भाजे. पुढे ॲनिलिन रंगांच्या कुळातले जेन्शन व्हायोलेट आले. तोंडातील आणि कातडीवरील चट्ट्यांना लावायचे हे ‘जांभळे औषध’ अनेक पिढ्यांच्या परिचयाचे आहे. १९३५ मध्ये संशोधक गेरहार्ड डोमाक यांनी प्रोन्टोसिल या तांबड्या रंगद्रव्याचा जंतूंना रोखण्याचा गुण जाहीर केला. त्यातून सल्फा औषधे निघाली. ॲसिटॅनिलाइड हा त्यांचा नेहमीचा कच्चा माल. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या जखमांवर सल्फा पावडर टाकली जाई. ॲलर्जीमुळे आणि अधिक गुणकारी प्रतिजैविके आल्यामुळे ती प्रथा मागे पडली. १९५० च्या दशकात पोव्हिडोन-आयोडीन आणि क्लोरहेक्सिडीन आली. क्लोरहेक्सिडीनच्या रेणूत क्लोरोॲनिलिनचा भाग असतो.

या क्रमात एक दिशा दिसते: जंतू मारणारे औषध नव्याने भरणाऱ्या मांसालाही इजा करते, हे जसजसे लक्षात आले, तसतसा तीव्र औषधांचा वापर आवरता घेतला गेला. साधी जखम आता ०.९ टक्के मिठाच्या निर्जंतुक पाण्याने किंवा पिण्याच्या स्वच्छ पाण्याने धुतात.

शरीरात बसवलेल्या नळ्यांनी प्रश्न बदलला. तेथे जखम मुद्दाम उघडी राहते आणि नळीच्या कडेने जंतू आत शिरू शकतात. म्हणून मोठ्या शिरेतल्या सेंट्रल लाइनसाठी अल्कोहोलमिश्रित क्लोरहेक्सिडीन वापरतात. तिच्यावरचे पारदर्शक ड्रेसिंग साधारण सात दिवसांनी आणि गॉजचे दोन दिवसांनी बदलतात. ओले किंवा सैल झाले तर लगेच. लघवीच्या नळीभोवती मात्र रोज साबण-पाणी पुरेसे असते. पोटातील फीडिंग ट्यूबभोवतीची जागा भरून आल्यावरही साबण-पाण्याने धुऊन कोरडी करतात. आतला आम्ल रस गळून कातडी सोलवटत असेल, तर झिंक ऑक्साइडचा थर देतात. प्रत्येक वेळी आधी हात धुणे आणि नळीला ओढ न बसू देणे, हे नियम सर्वत्र समान आहेत. लाली पसरणे, पू, सूज किंवा ताप ही डॉक्टरांना दाखवण्याची लक्षणे.

रसायनीतला हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सचा कारखाना मे २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाच्या निर्णयाने बंद झाला. रॉकेटच्या इंधनासाठी लागणाऱ्या डायनायट्रोजन टेट्रॉक्साइडचा विभाग तेवढा इस्रोकडे सोपवण्याचे ठरले.