मेंदूज्वराचा पट्टा आणि पुण्याची लस

सहाराच्या दक्षिणेला सेनेगलपासून इथिओपियापर्यंत मेनिंजायटिसचा, म्हणजे मेंदूच्या आवरणांच्या दाहाचा, पट्टा पसरलेला आहे. लापेसोनी या फ्रेंच लष्करी डॉक्टरांनी तो १९६३ साली नकाशावर आखला. या रोगाची साथ १८०५ साली जिनिव्हात नोंदली गेली आणि त्याचा जिवाणू, मेनिंगोकॉकस, १८८७ साली व्हिएन्नात वायक्सेलबाउम यांना सापडला. पण त्याने सर्वांत भयंकर थैमान घातले ते आफ्रिकेत. तिथे डिसेंबरपासून हरमॅटनचे कोरडे, धुळीचे वारे घसा सोलवटून काढतात. निरोगी माणसाच्या घशातही राहणारा जिवाणू मग रक्तात उतरून मेंदूच्या आवरणांपर्यंत पोचू शकतो. ताप, मान ताठणे, बेशुद्धी. उपचार न मिळाल्यास निम्मे रोगी दगावतात आणि वाचलेल्यांपैकी कित्येक मुले कायमची बहिरी होतात.

जुनी लस जिवाणूच्या शर्करावेष्टनापासून बनवत. लहान मुलांवर तिचा फारसा उपयोग होत नसे आणि असर लवकर ओसरे, त्यामुळे ती साथ सुरू झाल्यावरच टोचली जाई, आणि तोवर बहुधा उशीर झालेला असे. १९९६-९७च्या साथीत अडीच लाखांवर लोक आजारी पडले, सुमारे २५ हजार मेले.

२००१ साली जागतिक आरोग्य संघटना आणि ‘पाथ’ ही स्वयंसेवी संस्था यांनी नव्या लसीचे काम हाती घेतले. एरवी लस आधी बनते, किंमत मागाहून ठरते. इथे मात्र आफ्रिकी देशांनी परवडणारा आकडा आधीच सांगितला होता: डोसला अर्धा डॉलर. एवढ्यात लस द्यायला मोठ्या कंपन्या राजी नव्हत्या. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ते पत्करले. मेनिंगोकॉकसच्या अनेक गटांपैकी ‘अ’ गटाच्या जिवाणूची शर्करा धनुर्वाताच्या लसीतील प्रथिनाला जोडायची, म्हणजे बालकाचे शरीरही ती लक्षात ठेवते. हे तंत्र अमेरिकी औषध प्रशासनातील शास्त्रज्ञांकडून मिळाले, आणि धनुर्वाताची लस तर सीरममध्ये आधीपासूनच बनत होती.

६ डिसेंबर २०१० रोजी बुर्किना फासोत १ ते २९ वयोगटाच्या लसीकरणाला प्रारंभ झाला. पुढे ही लस चार दिवसांपर्यंत बर्फाविना नेण्यास मान्यता मिळाली. वीज नसलेल्या खेड्यांसाठी ही सवलत फार मोलाची होती. २०१७ नंतर या पट्ट्यात ‘अ’ गटाचा एकही खात्रीचा रुग्ण नोंदला गेलेला नाही. इतर गटांच्या साथी मात्र चालूच राहिल्या. त्यासाठी पुण्यातच बनलेली पाच गटांवरची लस २०२४ साली सर्वप्रथम नायजेरियात देण्यात आली.