पासिंगची शंभर वर्षे

मुंबई-पुण्याकडे ‘गाडी पासिंगला न्यायची आहे’ म्हटले की रिक्षा-टॅक्सीवाल्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. खासगी गाडीवाल्याला तिथे झळ कमी. त्याची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि त्यानंतरच आर.टी.ओ.ची तपासणी मागे लागते. इथे अमेरिकेत मात्र आपल्या मंडळींना हा प्रकार पहिल्या सेकंडहँड गाडीबरोबरच भेटतो, आणि तोही राज्याराज्यांत वेगळा. आम्ही न्यू जर्सीचे रहिवासी. डेलावेअर नदी ओलांडून पेनसिल्व्हेनियात गेले की तिथे दरवर्षी ब्रेक, टायर, स्टिअरिंग तपासून घ्यावेच लागते. नदीच्या आमच्या बाजूला खासगी गाडीच्या ब्रेककडे २०१० पासून सरकार ढुंकूनही पाहत नाही. रस्ते तेच, गाड्या त्याच, बर्फही तोच. मग या तपासणीवर गाडीवाल्याचा जो पैसा आणि वेळ जातो, तो वसूल होतो का? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर शंभर वर्षे मागे जावे लागते.

१९२० नंतरच्या दशकातली अमेरिका डोळ्यांसमोर आणा. रस्त्यावर सगळीकडे फोर्डची मॉडेल टी. तिचा पायाचा ब्रेक चाकांवर लागतच नसे, तो गिअरच्या पेटीत लागे आणि त्यातला पट्टा झिजत जाई. अपघात इतके वाढले की १९२४ साली तेव्हाचे वाणिज्यमंत्री हर्बर्ट हूवर यांनी रस्ते सुरक्षेवर राष्ट्रीय परिषद बोलावली. १९२६ मध्ये मॅसॅच्युसेट्सने ऐच्छिक तपासणी सुरू केली. १९२९ मध्ये पेनसिल्व्हेनियाने ती सक्तीची केली. न्यू जर्सीने १९३८ पासून वेगळी वाट धरली. पेनसिल्व्हेनियात तपासणी खासगी गॅरेजवाल्यांकडे होती. न्यू जर्सीने सरकारी तपासणी केंद्रे उभारली. तिथला माणूस दोष दाखवणार, पण दुरुस्ती करणार नाही. त्यामुळे उगाच दोष काढून बिल वाढवण्यात त्याचा काही फायदा नाही. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण पुढे सगळा वाद त्याच्याभोवती फिरला.

त्या काळात या तपासणीचा उपयोग होता का, असे विचारायचीही गरज नव्हती. फोर्डच्या गाड्यांना तेलाच्या दाबावर चालणारे हायड्रॉलिक ब्रेक १९३९ मध्ये आले. त्याआधी सळया आणि तारा यांच्यावरच सगळी भिस्त. अशी गाडी वर्षातून एकदा कोणीतरी तपासावी, यात गैर काहीच नव्हते.

खरी लढाई सुरू झाली १९६६ नंतर. अमेरिकेत रस्त्यांवर वर्षाला सुमारे ५० हजार माणसे मरत होती. राल्फ नेडर यांच्या पुस्तकाने १९६५ मध्ये मोटार कंपन्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले होते. ९ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी दोन कायद्यांवर सह्या केल्या. एकाने गाडी बनवणाऱ्यांवर सुरक्षेचे नियम लादले, दुसऱ्याने राज्यांवर. राज्यांसाठी जी मानके निघाली, त्यांतले पहिलेच होते वाहनांच्या नियमित तपासणीचे. जे राज्य ऐकणार नाही, त्याच्या महामार्गांच्या निधीतले १० टक्के कापण्याची धमकीही होती. पैशाची भाषा सगळ्यांना कळते! १९७५ च्या सुमारास ३१ राज्यांत तपासणी सक्तीची होती.

पण राज्यांना हा जाच वाटत होता, आणि १९७६ मध्ये अमेरिकन काँग्रेसने निधी कापण्याची ती तलवार म्यान केली. त्यानंतर एकेक राज्य हळूहळू बाहेर पडू लागले. २०१५ मध्ये केंद्र सरकारच्या हिशेबतपासनीस संस्थेने मोजले, तेव्हा अशी तपासणी करणारी फक्त १६ राज्ये उरली होती.

आता गंमत बघा. ज्या दिवशी जॉन्सनसाहेबांनी दोन कायदे केले, त्याच दिवशी एका कायद्याने दुसऱ्याची गरज कमी करायला सुरुवात केली. १९६८ पासून प्रत्येक मोटारीच्या ब्रेकला दोन स्वतंत्र वाहिन्या सक्तीच्या झाल्या. एक फुटली तरी दुसरी गाडी थांबवते. २००७ च्या सप्टेंबरपासून नव्या गाड्यांत टायरमधली हवा कमी झाल्याचा इशारा देणारी यंत्रणा आली. २०१२ च्या मॉडेलपासून गाडी घसरू लागली तर ती सावरणारी यंत्रणा सक्तीची झाली. १९६६ मध्ये गाड्यांनी कापलेल्या दर १० कोटी मैलांमागे साडेपाच मृत्यू होत, २०१० मध्ये ते प्रमाण १.१ वर आले होते. म्हणजे तपासनिसाचे बरेचसे काम गाडीच्या आतच जाऊन बसले.

मग तपासणी असलेल्या आणि नसलेल्या राज्यांत फरक दिसतो का? मेरेल, पॉइट्रास आणि सटर या तीन अर्थशास्त्रज्ञांनी पन्नासही राज्यांचे १९८१ ते १९९३ चे आकडे तपासून १९९९ मध्ये सांगितले, की तपासणीमुळे मृत्यू कमी झाल्याचा पुरावा सापडत नाही. याउलट पेनसिल्व्हेनियाच्या परिवहन खात्यासाठी २००९ मध्ये झालेल्या अभ्यासाने दावा केला, की तपासणीमुळे त्या राज्यात वर्षाला ११५ ते १६९ प्राणघातक अपघात टळतात. दोघांकडेही आकडेच होते. माझा धंदा संगणकाचा, त्यामुळे आकडे एकच असले तरी प्रश्न बदलला की उत्तर बदलते, हे रोजचे आहे.

तपासणीविरुद्ध हमखास सांगितला जाणारा आकडा दोन टक्क्यांचा आहे. २००५ ते २००७ या काळात केंद्र सरकारने ५,४७० अपघातांच्या जागी माणसे पाठवून कारणे शोधली. त्यात ९४ टक्के अपघातांत निर्णायक कारण चालकाकडे निघाले, आणि गाडीचा दोष फक्त दोन टक्क्यांत. पण दोन गोष्टी ध्यानात घ्यायला हव्यात. गाडीचे दोष बहुतांशी बाहेरून पाहून ठरवले होते, गाडी उघडून नव्हे. आणि अपघातापूर्वीच्या घटनांतला शेवटचा दुवा तेवढा मोजला होता. समोरच्याने अचानक ब्रेक मारला, आपण उशिरा मारला, आणि आपले टायर गुळगुळीत होते. तर दोष चालकाच्याच खात्यात जाणार.

आमच्या न्यू जर्सीने १ ऑगस्ट २०१० पासून खासगी गाड्यांची यांत्रिक तपासणी बंद केली. राज्याची तिजोरी रिकामी होती, आणि वर्षाला एक कोटी डॉलरहून अधिक वाचणार होते. आदल्या वर्षी गंभीर यांत्रिक दोषांमुळे नापास झालेल्या गाड्या सहा टक्क्यांहूनही कमी होत्या, असे अधिकाऱ्यांनी सांगितले. पुढे होगलंड आणि वूली या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इतर राज्यांच्या आकड्यांतून एक ‘काल्पनिक न्यू जर्सी’ तयार केली, जिथे तपासणी चालूच राहिली असती. खऱ्या न्यू जर्सीशी तिची तुलना केली, तर २०१० नंतर गाडी बिघडून होणाऱ्या प्राणघातक अपघातांत लक्षणीय वाढ दिसली नाही.

हे मान्य करतो, पण मला त्या सहा टक्क्यांची आठवण जाता जात नाही. २००३ साली एम.एस.साठी आलो तेव्हा चौघांत मिळून एक अकरा वर्षांची गाडी घेतली होती. केंद्रावर दोन तास रांगेत उभे राहिल्यावर तपासनिसाने पुढच्या चाकाचा बॉल जॉइंट झिजल्याचे दाखवले. चाक हाताने हलवून दाखवले, तेव्हा चौघेही गप्प झालो. दुरुस्तीला जे पैसे गेले, त्यात आमचा महिन्याचा किराणा आला असता. पण त्या गाडीतून आम्ही पुढच्याच आठवड्यात नायगारा धबधब्याला जाणार होतो. चौघांपैकी एकानेही आपणहून गाडी उचलून खालून पाहिली नसती. गाडी जुनी, मालक नवशिके आणि खिसा रिकामा, अशा ठिकाणीच तपासणी सर्वांत जास्त कामाची असते. आणि खर्चही तिथेच सर्वांत जास्त टोचतो.

पीट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २०१५ मध्ये हेच आकड्यांत मांडले. पेनसिल्व्हेनियात दोन टक्के गाड्याच नापास होतात असे म्हटले जाई. त्यांनी प्रत्यक्ष नोंदी पाहिल्या, तर प्रमाण १२ ते १८ टक्के निघाले. नव्या गाड्या सहसा पास, जुन्या अडकणार. आणि आज अमेरिकेच्या रस्त्यांवरच्या गाड्यांचे सरासरी वय १२ वर्षांच्या पुढे गेले आहे.

टेक्सासची कथा आणखी वेगळी. तिथली १९५१ पासूनची तपासणी १ जानेवारी २०२५ रोजी बहुतेक खासगी गाड्यांसाठी संपली. गॅरेजवाल्याला द्यायचे ७ डॉलर वाचले. पण राज्याचे साडेसात डॉलर तसेच राहिले, ‘तपासणीऐवजीचे शुल्क’ असे नवे नाव घेऊन! देव गेला, पण दक्षिणापेटी राहिली. या इतिहासात खर्चाची चर्चा बहुतेक वेळा सरकारच्या तिजोरीपासून सुरू झाली, गाडीवाल्याच्या सोयीपासून क्वचित.

माझा हिशेब असा आहे. पाच-सात वर्षांच्या आतल्या गाडीची दरवर्षी तपासणी करणे म्हणजे वेळ आणि पैसा वाया घालवणे. पण दहा वर्षांवरच्या गाडीचे टायर, ब्रेक आणि स्टिअरिंग दोन वर्षांतून एकदा, दुरुस्तीत ज्याचा हितसंबंध नाही अशा माणसाने पाहावे, ही सोय गाडीवाल्याला स्वस्तच पडेल. न्यू जर्सीने १९३८ मध्ये जी चांगली कल्पना काढली, ती पूर्ण बंद करण्याऐवजी जुन्या गाड्यांपुरती ठेवायला हवी होती. पेनसिल्व्हेनियाने सगळ्यांना दरवर्षी गॅरेजच्या दारात उभे केले आणि न्यू जर्सीने सगळ्यांना सोडून दिले. मधली वाट दोघांपैकी कोणीच धरली नाही.

तोवर एक गोष्ट आपल्या घरांत सांगायला हवी. न्यू जर्सीत आजही दर दोन वर्षांनी केंद्रावर जावे लागते आणि काचेवर नवा स्टिकर मिळतो. तो पाहून आपल्यापैकी कित्येकांना वाटते, की गाडी तपासून झाली. पण खासगी गाडीच्या त्या तपासणीत आता फक्त धुराचा विचार होतो. डॅशबोर्डखाली वायर जोडतात, गाडीच्या संगणकाकडून माहिती घेतात आणि सोडून देतात. म्हणजे तो स्टिकर आपल्याकडच्या पी.यू.सी.इतकेच सांगतो. ब्रेकबद्दल तो मुका आहे. तरीही गाडी सुस्थितीत ठेवण्याची कायदेशीर जबाबदारी मालकाचीच आहे.

माझी मुलगी आता सतरा वर्षांची आहे. आमच्यासारख्या अनेक घरांत नवी गाडी आई-वडील चालवतात आणि जुनी मुलांकडे जाते. सर्वांत अननुभवी चालक, आणि सर्वांत जुने टायर! दोन टक्क्यांच्या त्या पाहणीत गाडीच्या दोषांपैकी ३५ टक्के टायरचे आणि २२ टक्के ब्रेकचे होते. तेव्हा किल्ली मुलांच्या हाती देण्याआधी या दोन गोष्टी खात्रीच्या मेकॅनिककडून पाहून घ्या, आणि मुलांना तेव्हा शेजारी उभे करा. सरकारने हे काम १९३८ ते २०१० अशी बहात्तर वर्षे आपल्यासाठी केले. आता ते आपल्याकडे आले आहे.