कीटक-अधिपतींचे स्वागत : एका वाक्याचा साचा होतो तेव्हा

आजच्या धाग्याचा नायक कोणी राजा वा सेनापती नाही. तो आहे एका कार्टूनमधील वृत्तनिवेदकाच्या तोंडचे एक वाक्य.

२४ फेब्रुवारी १९९४. अमेरिकेत फॉक्स वाहिनीवर ‘द सिम्पसन्स’ मालिकेचा ‘डीप स्पेस होमर’ हा भाग प्रसारित झाला. अंतराळयानात होमरच्या हातून मुंग्यांची पेटी फुटते. एक मुंगी कॅमेऱ्याच्या अगदी पुढ्यातून तरंगत जाते आणि पृथ्वीवरील पडद्यावर राक्षसी भासते. निवेदक केंट ब्रॉकमन तत्काळ निष्कर्ष काढतो : महाकाय मुंग्या आता पृथ्वीही जिंकणार. पुढे तो जे म्हणतो त्याचा आशय असा : मी तरी आपल्या नव्या कीटक-अधिपतींचे स्वागतच करतो. आणि लगेच पुस्ती जोडतो की, त्यांच्या साखरेच्या भुयारांत राबायला इतर माणसे गोळा करून देण्याच्या कामी आपल्यासारखा विश्वासू निवेदक उपयोगी पडेल!

खरा डंख या पुस्तीत आहे. शत्रू नीट दिसण्याआधीच शरण जाणारा आणि वर शेजाऱ्यांचा सौदा करणारा पत्रकार, हे त्या विनोदाचे लक्ष्य होते.

परंतु लोकांनी उचलले ते फक्त पहिले वाक्य. ‘कीटक’ हा शब्द काढून तेथे काहीही बसवता येत होते. २००० नंतरच्या काही वर्षांत ‘स्लॅशडॉट’सारख्या तंत्रज्ञानविषयक संकेतस्थळांवर नव्या यंत्रमानवाची किंवा बलाढ्य कंपनीची बातमी आली की, खाली हे स्वागत ठरलेलेच. मीम म्हटले की आज आपल्याला चित्र आठवते. हा साचा मात्र निव्वळ शब्दांवर चालला.

भाषाशास्त्रज्ञांचेही अशा साच्यांकडे लक्ष गेले होते. ऑक्टोबर २००३ मध्ये जेफ्री पुलम यांनी ‘लँग्वेज लॉग’वर विचारले की, शब्द बदलून पुन्हापुन्हा वापरल्या जाणाऱ्या अशा वाक्यांना नाव काय द्यावे? जानेवारी २००४ मध्ये ग्लेन व्हिटमन यांनी ‘स्नोक्लोन’ हा शब्द सुचवला. एस्किमोंकडे बर्फासाठी असंख्य शब्द असल्याची जी घासून गुळगुळीत झालेली दंतकथा आहे, तिच्यावरून हे नाव आले. (ती दंतकथा खोडून काढण्यात स्वतः पुलम आघाडीवर होते, ही गंमत वेगळीच.)

इतक्या वापराने डंख बोथट झाला होता. शरणागती हा नुसता चाळा उरला. मग १६ फेब्रुवारी २०११ रोजी ‘जेपर्डी!’ या प्रश्नमंजूषेत आयबीएमच्या ‘वॉटसन’ संगणकाविरुद्धच्या लढतीचा शेवटचा भाग प्रसारित झाला. समोर होते केन जेनिंग्ज, २००४ मध्ये सलग ७४ सामने जिंकलेले. वॉटसनचे ७७,१४७ डॉलर, जेनिंग्ज यांचे २४,०००. अखेरच्या उत्तराखाली त्यांनी तेच वाक्य लिहिले. ‘कीटक’च्या जागी फक्त ‘संगणक’ घातले.

प्रेक्षक हसले. साचा तोच होता, पण या वेळी तो लिहिणारा माणूस खरोखरच हरला होता. वर लिहिलेले त्यांचे उत्तर, ब्रॅम स्टोकर, अचूक होते.