खांद्याला न कळणारं काडतूस

१ ऑगस्ट २०२४. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स या प्रकारात कांस्यपदक जिंकलं. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या हेलसिंकीतल्या कांस्यानंतर महाराष्ट्राला वैयक्तिक पदक मिळायला ७२ वर्षं लागली. गंमत अशी, की स्वप्नीलचा हा क्रीडाप्रकार ऑलिम्पिकमध्ये आला तोही हेलसिंकीलाच.

या खेळातली गोळी असते जेमतेम २.६ ग्रॅमची, साडेपाच मिलिमीटर जाडीची. जगातले सर्वोत्तम नेमबाज एवढंसं काडतूस का वापरतात?

सुरुवात १८४५ च्या सुमारास पॅरिसमध्येच झाली. लुई फ्लोबेर नावाच्या कारागिराने दिवाणखान्यात नेमबाजी करता यावी म्हणून चिमुकलं काडतूस बनवलं. त्यात वेगळी दारू नव्हतीच, स्फोटक टोपीच्या जोरावर गोळी सुटायची. १८५७ मध्ये अमेरिकेत स्मिथ अँड वेसनने त्यावरून ०.२२ शॉर्ट काढलं, आणि १८८७ मध्ये स्टीव्हन्स कंपनीने ०.२२ लाँग रायफल. आजही स्पर्धेत तेच चालतं.

तेव्हा ‘खरी’ नेमबाजी मात्र सैन्याच्या काडतुसांनीच व्हायची. ब्रिटिश ०.३०३ ची गोळी ११ ग्रॅमच्या आसपास, वेग दुपटीहून जास्त. गणित केलं तर संवेग ०.२२ च्या जवळपास दहापट येतो, आणि तेवढाच उलटा धक्का नेमबाजाला बसतो. खांदा दुखतो हा त्यातला लहान भाग. खरी अडचण वेगळीच आहे. गोळी नळीतून बाहेर पडायला काही मिलिसेकंद घेते, आणि तेवढ्यात बंदूक मागे सरकायला लागलेली असते. किती आणि कुठे सरकेल, हे दस्ता खांद्याला कसा टेकलाय यावर ठरतं. पालथं पडून, गुडघ्यावर बसून आणि उभं राहून ते प्रत्येक वेळी वेगळं. धक्का जितका लहान, तितका हा फरकही लहान.

पुढचा इतिहास याच दिशेने गेला. मोठ्या काडतुसांची ३०० मीटर स्पर्धा १९७२ च्या म्युनिकनंतर ऑलिम्पिकमधून गेली. जागतिक स्पर्धांत ती टिकली, पण तिथेही ७.६२ मिलिमीटरची जागा ६ मिलिमीटर बीआरसारख्या काडतुसांनी घेतली. त्याच्या गोळीचा संवेग सुमारे एक तृतीयांशाने कमी.

हलक्या गोळीची किंमत वारा वसूल करतो. ५० मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, आणि सेकंदाला दोन मीटरचा आडवा वारासुद्धा ०.२२ ची गोळी सेंटीमीटरभर ढकलतो. आमच्या कुणकेश्वरला दुपारी समुद्रावरून जो वारा सुटतो, त्यात मधोमध नेम धरून दहा मिळणं विसराच. म्हणून रेंजवर वाऱ्याची निशाणं लावतात. धक्का झेलण्याची मेहनत वाचली, तिच्या जागी वारा वाचण्याची आली.

दुसरी किंमत पैशांची. एकाच कंपनीच्या दोन लॉटमधलं काडतूस एकाच नळीतून सारखं चालत नाही. त्यामुळे मोठे नेमबाज लॉट तपासून, आपल्या रायफलला मानवेल तोच साठा घेतात. ही उत्तम काडतुसं बहुतेक परदेशी. स्वप्नीलचे वडील शिक्षक. मुलाच्या काडतुसांसाठी त्यांनी कर्ज काढलं होतं.

भारतात या खेळाची संघटना १९५१ मध्ये उभी राहिली. तिचे पहिले अध्यक्ष होते ग. वा. मावळणकर, लोकसभेचे पहिले सभापती. त्यांचं घराणं संगमेश्वरकडच्या मावळंगेचं, सुरुवातीचं शिक्षण राजापुरात, म्हणजे आमच्या शेजारीच. त्यांच्या नावाच्या स्पर्धेतून आजही मुलं राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत जातात. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये ६०० पैकी ५९७ गुण मिळवून जगज्जेतेपद जिंकलं, तेही याच काडतुसाने.

दिवाणखान्यातल्या करमणुकीसाठी जन्मलेल्या काडतुसाने हा खेळ खांद्याच्या ताकदीपासून सोडवला. आता तो पैशांच्या ताकदीपासून सुटायला हवा. कांबळवाडीत, किंवा कुणकेश्वरला, नजर स्थिर असलेलं एखादं पोर असेलच. त्याला लागणारी गोळी अडीच ग्रॅमचीच आहे, पण त्याच्या घराला ती जड जाते.