पेवातला श्वास

पेव उघडल्या उघडल्या त्यात कुणी उतरत नसे. तोंडावरची माती खरवडायची, फरशी बाजूला सारायची आणि ते काही तास तसंच उघडं टाकायचं. मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. ज्योत तगली तर माणूस उतरणार. मिणमिणून विझली तर अजून थांबायचं. सोलापूर, मराठवाडा आणि पलीकडच्या उत्तर कर्नाटकातल्या ज्वारीच्या टापूत हा शिरस्ता पिढ्यानपिढ्या चालला. ज्यांनी घाई केली, त्यांतले काही वर आलेच नाहीत.

हाच इशारा इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात रोमन लेखक वर्रो याने शेतीवरच्या ग्रंथात दिला आहे. नुकत्याच उघडलेल्या धान्याच्या खड्ड्यात माणसं गुदमरून मेली आहेत, तेव्हा जरा वेळ जाऊ द्या, असं तो सांगतो. अशा खड्ड्यात गहू 50 वर्षं टिकतो, हे त्याचं दुसरं विधान. ते पारावरच्या गप्पांतलं वाटतं. पहिलं मात्र अनुभवाचं आहे.

महाराष्ट्रात जमिनीत धान्य ठेवण्याची रीत वर्रोहूनही जुनी. पुण्याजवळ घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात उत्खनन केलं, तेव्हा ताम्रपाषाण युगातल्या घरांबरोबर धान्य साठवायचे खड्डेही सापडले. आतून चुन्याने लिंपलेले. म्हणजे ओल आत येऊ द्यायची नाही, हे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यालाही पक्कं ठाऊक होतं.

पेव खणायचं ते गावठाणातल्या पांढरीत. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. तिच्यात पेव तगत नाही. तोंड जेमतेम माणूस उतरेल एवढं, खाली पोट सुटलेलं, एखाद्या सुरईसारखं. आतून शेणामातीने सारवायचं, जाळ करून वाळवायचं, तळाला आणि कडेला कडबा किंवा पाचट दाबायचं, मग ज्वारी ओतायची. वर पुन्हा कडबा, फरशी आणि मातीचा थर. चोराला, लुटारूला किंवा वसुलीला आलेल्या शिपायाला वरून सपाट अंगणच दिसायचं.

आत मात्र बरंच काही चाललेलं असे. दाणा जिवंत असतो आणि जिवंत आहे तोवर श्वास घेतो. साठवलेली साखर ऑक्सिजनच्या मदतीने जाळतो. त्यातून कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि उष्णता निघते. हिशेब मांडायचा तर 180 ग्रॅम ग्लुकोज जळायला 192 ग्रॅम ऑक्सिजन लागतो आणि 264 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड व 108 ग्रॅम पाणी बाहेर पडतं. दाणा वाळलेला असला तर ही आच अगदी मंद असते. ओल चौदा टक्क्यांच्या वर गेली की ती भराभर वाढते, बुरशीही जोर धरते. उघड्या ढिगात मग धान्य तापतं. बंद पेवात दाणे, किडे आणि बुरशी मिळून हवेतला 21 टक्के ऑक्सिजन संपवत नेतात. तो दोनेक टक्क्यांवर आला की सोंडे मरतात, आणि दाण्याचा श्वासही जवळपास थांबतो.

इंग्लंडमध्ये हॅम्पशायर परगण्यात पीटर रेनॉल्ड्स यांनी 1970च्या दशकात लोहयुगीन पद्धतीचे खड्डे खणून हे करून पाहिलं. भिंतीलगतचे दाणे ओलीने अंकुरले, त्यांनी ऑक्सिजन खाऊन टाकला आणि आतला साठा सुरक्षित राहिला. आपल्याकडेही कडेचा थर काळवंडलेला निघे आणि तो बहुधा जनावरांच्या वाट्याला जाई. घरातली बाई भाकरीच्या वासावरून सांगे, ज्वारी पेवातली की कणगीतली.

या साऱ्याचं रसायनशास्त्र फार उशिरा आलं. अंधारात झाडं हवा बिघडवतात, हे इंगेनहाउझने 1779 मध्ये दाखवलं. अंकुरणारं बी ऑक्सिजन घेतं, याची मोजमापं जिनिव्हाच्या सोस्यूरने 1804च्या ग्रंथात मांडली. कंदिलाची परीक्षाही तशी शहाणपणाची. ऑक्सिजन सोळा-सतरा टक्क्यांवर आला की ज्योत विझते; माणूस त्याहून थोडं खालीही तग धरतो. तेवढा फरक जीव वाचवायला पुरे.

सांगलीला खेटून, कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या हरिपूरची पेवं वेगळी. तिथे ज्वारी नाही, हळद. शिजवून वाळवलेलं हळकुंड मेलेलंच असतं, त्याला श्वास कुठला? तिथे हवा संपवायचं काम किडे आणि सूक्ष्म जीव करतात. अंधारात रंगही टिकतो. व्यापाऱ्यांनी हळद अशी वर्षानुवर्षं ठेवली आणि भाव आला की काढली. 2005च्या महापुराने यातली बरीच पेवं बुडवली. ज्वारीची पेवं त्याआधीच मोडीत निघाली होती. कालव्यांनी जमिनीतलं पाणी वर आणलं, सिमेंटची गोदामं आली, कीड मारायच्या गोळ्या आल्या.

कल्पना मात्र बाद झालेली नाही. 1980च्या दशकाच्या अखेरीस कॅमेरूनमध्ये चवळीला भुंगा लागू नये म्हणून अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने तीनपदरी पिशवी तयार केली: आत प्लॅस्टिकचे दोन पदर, बाहेर विणलेलं पोतं. भुंगे आतली हवा स्वतःच संपवतात. पेवातल्या ओलीत दाण्याची उगवण जाई, म्हणून बियाणं सहसा कणगीत राखेत ठेवत. या पिशवीत, दाणा नीट वाळलेला असेल तर, बियाणंही राहतं.