रिओची रात्र आणि लापाच्या कमानी

रिओ द जानेरो शहरांत इ. स. १८२५ च्या जानेवारींत पोलीसखात्याचे मुख्य अधिकारी तेशेरा द आरागाँव यांनीं एक जाहीरनामा काढला. उन्हाळ्यांत रात्रीं दहा वाजतां व हिवाळ्यांत नऊ वाजतां साँव फ्रान्सिस्कु आणि साँव बेन्तु येथील घंटा अर्धा तास वाजवाव्या, व त्यानंतर रस्त्यांत जो कोणी आढळेल त्याची झडती घेण्यास शिपाई मुखत्यार असावे, असें त्यांत होतें. घंटेनंतर नाक्यावर विनाकारण उभें राहणें किंवा शीळ घालणें यांसहि मनाई होती. आणि कृष्णवर्णीयांस तर ही मनाई अंधार पडल्याबरोबरच लागू होई. या घंटेस लोक ‘आरागाँवची घंटा’ म्हणूं लागले.

रिओस जाणारा पाहुणा आज जो प्रश्न सर्वांआधीं विचारतो तो असा, कीं येथें रात्रीं बाहेर पडण्यांत धोका आहे काय? प्रश्न जुना आहे. मात्र रात्र कोणासाठीं निर्धोक करावयाची आणि कोणापासून, याचें उत्तर दर पिढीला निराळें मिळालें. तें पाहावयाचें असेल तर लापा या मोहल्ल्यासारखें दुसरें ठिकाण नाहीं.

लापा ओळखला जातो तो तेथील पांढऱ्या कमानींवरून. चिमाजीअप्पांनीं १७३९ सालीं वसई जिंकली त्या काळांत त्याच पोर्तुगीज राजसत्तेचा गव्हर्नर गोमिश फ्रेरी रिओंत कारभार करीत होता. त्याच्या अमदानींत, १७५० सालीं, डोंगरावरील कारिओका नदीचें पाणी शहरांत आणणारा हा दुमजली दगडी पाट पुरा झाला. त्यास ४२ कमानी असून उंची सुमारें ५८ फूट आहे. १८९६ पासून त्याच कमानींच्या माथ्यावरून सांता तेरेझा टेकडीकडे विजेची ट्राम धांवूं लागली. पाणी नेण्यासाठीं बांधलेल्या कामावरून माणसें नेण्याची ही युक्ति विलक्षणच म्हणावयाची.

रात्रीचें खरें रूप पालटलें तें १८५४ च्या २५ मार्च रोजीं. त्या दिवशीं मावा या उद्योगपतीच्या कंपनीनें तेलाच्या मिणमिणत्या दिव्यांच्या जागीं गॅसचे दिवे लावले. पुढें १९०३ पासून नगराध्यक्ष परेरा पासुस यांनीं जुनें शहर फोडून रुंद रस्ते काढिले. १९०५ सालीं नवी आव्हेनिदा सेन्त्राल खुली झाली. तिच्यासाठीं शेंकडों घरें पाडलीं गेलीं. तेथील गरीब माणसें टेकड्यांवर व दूरच्या उपनगरांत गेलीं, आणि दिव्यांच्या झगमगाटांत हिंडण्यास उरले ते खिशांत पैसा असणारे.

परंतु रात्रीचें गाणें त्या टेकड्यांवरील व उपनगरांतील लोकांजवळच होतें. गुलामगिरी १८८८ सालीं संपली. आणि दोनच वर्षांनीं आलेल्या दंडसंहितेनें ‘कापोएरा’ ही गुलामांची झुंजविद्या रस्त्यांत खेळणारास दोन ते सहा महिन्यांची कैद ठरविली, बेकारीनें भटकणें हाहि गुन्हा केला. या कलमांच्या जोरावर पोलीस सांबा वाजविणारांस धरीत. जुआँव दा बाइयाना या वादकाचा खंजिरीसारखा ‘पांदेरु’ पोलिसांनीं हिसकावून घेतला, तेव्हां पिन्हेरु माशादु या सेनेटरानें आपला लेख कोरलेला नवा पांदेरु त्यास भेट दिला, अशी हकीकत सांगतात. बड्याचें नांव वाद्यावर असल्यावर तें जप्त करण्याची छाती कोणाची? गरीब कलावंताची सुरक्षितता म्हणजे काय, हें या एका गोष्टींत आलें.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत लापा ऐन भरांत होता. मद्यगृहें, नाचघरें, जुगाराचे अड्डे आणि वेश्यागृहें एकाच गल्लींत नांदत. मानुएल बांदेरासारखा कवि तेथेंच बिऱ्हाड करून राहिला. तेथला नामांकित दांडगा म्हणजे ‘मादामी सातां’ या टोपणनांवाचा जुआँव फ्रान्सिस्कु दुश सांतुश. कृष्णवर्णीय, समलिंगी, कापोएरांत तरबेज आणि स्त्रीवेषांत नाचणारा हा मनुष्य आयुष्याचीं सुमारें २७ वर्षें तुरुंगांत होता. त्याला कोणी गुंड म्हणोत, कोणी दुबळ्यांचा कैवारी म्हणोत. पोलिसांशीं दोन हात करणारा म्हणून त्याचें नांव राहिलें एवढें खरें.

हुकूमशहा व्हार्गस यांच्या राजवटींत, १९४० नंतर, पोलिसांनीं लापांतील वेश्यागृहें बंद पाडलीं. १९४६ च्या ३० एप्रिलला अध्यक्ष दुत्रा यांनीं देशभर जुगार बंद केला आणि ऊर्का येथील प्रसिद्ध कॅसिनोचे दिवे मालवले. गिऱ्हाईक कोपाकाबानाच्या समुद्रकांठीं गेलें. १९६० सालीं राजधानीच ब्रासीलियास हलली. लापाचे रस्ते रात्रीं ओस पडूं लागले. आणि ओस रस्ता हाच चोराचा खरा सोबती. नीतीच्या नांवाखालीं केलेल्या बंदोबस्तानें रात्र सुरक्षित न होतां अधिकच भयाण झाली, असें म्हणण्यास पुष्कळ जागा आहे.

पुन्हां जाग आली ती गाण्यानेंच. १९८२ सालीं ‘सिर्कु व्होआदोर’ म्हणजे ‘उडती सर्कस’ नांवाचा तंबू कमानींशेजारीं उभा राहिला. १९९६ मध्यें तो बंद झाला व २००४ मध्यें पुन्हां उघडला. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तरुण गायक-वादक मोडकळीस आलेल्या जुन्या घरांतून सांबा गाऊं लागले, आणि लाव्रादियु रस्त्यावरील व मेन द सा हमरस्त्यावरील इमारतींतून गर्दी लोटूं लागली.

आजच्या पाहुण्याची भिस्त याच गर्दीवर असते. शुक्रवारीं व शनिवारीं रात्रीं मेन द सा रस्त्यावर पाय ठेवण्यास जागा नसते. परंतु दोन वळणें पलीकडे, कचेऱ्यांच्या भागांत, सुट्टीच्या रात्रीं चिटपाखरूंहि नसतें. सेलारों या चिली देशांतून आलेल्या कलावंतानें रंगीत लाद्यांनीं मढविलेल्या २१५ पायऱ्या दिवसां पाहाव्या. रात्रीं त्या चढून टेकडीवर पायीं जाणें शहाणपणाचें नव्हे. टॅक्सी दारापाशीं बोलवावी व दारापाशींच सोडावी. तेथील लोकहि तेंच करतात, कारण २००८ च्या कायद्यानें मद्य पिऊन गाडी हांकणारास जबर दंड आहे.

पेल्यावरून नजर काढूं नये. पेयांत गुंगीचें औषध घालून लुबाडण्याच्या प्रकारास तेथें ‘शुभ रात्रि, सिंड्रेला’ असें गोंडस नांव आहे. गोड बोलणारा अनोळखी मित्र त्यांत हटकून असतो. पुष्कळ ठिकाणीं आंत शिरतांना ‘कोमांदा’ नांवाचें कार्ड मिळतें, त्यावर खाण्यापिण्याचा हिशेब चढतो व निघतांना पैसे द्यावयाचे असतात. तें हरवलें तर भुर्दंड पडतो. चोराचा पहिला डोळा फोनवर असतो. २०२० सालीं ‘पिक्स’ ही तात्काळ पैसे पाठविण्याची सोय सुरू झाली, आणि माणसास गाडींत कोंडून खातें रिकामें करविणारांचें फावलें. तेव्हां २०२१ च्या ऑक्टोबरपासून मध्यवर्ती बँकेनें रात्रीं आठ ते सकाळीं सहा या वेळांत १,००० रियालची मर्यादा घातली. आरागाँवच्या घंटेनंतर सुमारें दोनशें वर्षांनीं रात्रीची अशी वेळ पुन्हां ठरली. या खेपेस झडतीऐवजीं पैशाला लगाम बसला. कोणी शस्त्र दाखविलें तर हुज्जत न घालतां वस्तु देऊन टाकावी, हा रिओवासीयांचा सर्वमान्य सल्ला आहे. पोलिसांचा क्रमांक १९० आहे.

पहाटेस मैफली उठतात. पाहुणा कोपाकाबानाच्या हॉटेलाकडे मोटारींतून जातो. ढोलवाले, वाढपी आणि भांडीं घासणारीं माणसें मात्र उपनगराची पहिली गाडी गांठण्यासाठीं सेन्त्राल दु ब्राझील स्टेशनाच्या वाटेनें, त्याच ओस रस्त्यांवरून, घोळक्याघोळक्यांनीं चालत जातात.