कनिष्ठ विश्वचषक हॉकी स्पर्धा आणि भारत : होबार्ट (२००१) व लखनौ (२०१६) या विजयांचा तुलनात्मक अभ्यास

प्रस्तावना :

भारतीय हॉकीचा इतिहास बहुधा ऑलिंपिकमधील आठ सुवर्णपदकांच्या आधारे लिहिला जातो. त्यांपैकी शेवटचे १९८० मध्ये मॉस्को येथे मिळाले. त्यानंतरच्या काळाचे मूल्यमापन करताना २१ वर्षांखालील खेळाडूंची कनिष्ठ विश्वचषक स्पर्धा हे एक महत्त्वाचे साधन ठरते. भारताच्या पुरुष संघाने ही स्पर्धा २००१ व २०१६ अशी दोनदा जिंकली. पहिल्या विजयानंतर सात वर्षांतच भारत ऑलिंपिकसाठी अपात्र ठरला. दुसऱ्या विजयानंतर पाच वर्षांत ऑलिंपिक पदक मिळाले. या फरकाची कारणमीमांसा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

स्पर्धेची पार्श्वभूमी :

पुरुषांची पहिली स्पर्धा १९७९ मध्ये फ्रान्समधील व्हर्साय येथे झाली व ती पाकिस्तानने जिंकली. १९८२ ते १९९३ या काळातील चारही विजेतेपदे जर्मनीकडे गेली. त्यांपैकी पहिली तीन पश्चिम जर्मनीच्या नावावर आहेत. २०२५ पर्यंत जर्मनीच्या विजेतेपदांची संख्या आठ झाली. भारत १९९७ मध्ये मिल्टन कीन्स येथे अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाकडून २-३ असा पराभूत झाला होता.

होबार्ट आणि त्यानंतर :

२००१ मध्ये गगन अजित सिंग यांच्या नेतृत्वाखाली भारताने अंतिम सामन्यात अर्जेंटिनाचा ६-१ असा पराभव केला. या पिढीचा प्रभाव वरिष्ठ संघातही लवकरच जाणवला. २००३ मध्ये भारताने क्वालालंपूर येथे पाकिस्तानला ४-२ असे नमवून आशिया चषक जिंकला. मात्र त्याच वर्षी जुगराज सिंग मोटार अपघातात गंभीर जखमी झाले. अथेन्स ऑलिंपिक (२००४) तोंडावर असताना प्रशिक्षक राजिंदर सिंग यांना दूर करण्यात आले. गगन अजित सिंग, दीपक ठाकूर यांच्यासारखे खेळाडू असूनही संघ सातव्या स्थानावर राहिला. मार्च २००८ मध्ये सँटियागो येथे ब्रिटनकडून ०-२ असा पराभव झाला आणि १९२८ नंतर प्रथमच भारत ऑलिंपिकला मुकला. पाठोपाठ लाचखोरीच्या आरोपांमुळे भारतीय हॉकी महासंघ निलंबित झाला.

लखनौ आणि त्यानंतर :

२०१३ मध्ये दिल्ली येथे यजमान भारत दहावा आला. म्हणजे घरचे मैदान हे यशाचे पुरेसे कारण नव्हते. १८ डिसेंबर २०१६ रोजी मात्र हरजीत सिंग यांच्या संघाने लखनौमध्ये बेल्जियमला २-१ असे हरविले. गुरजंत सिंग व सिमरनजीत सिंग यांनी भारताचे गोल केले. हे दोघे, तसेच हरमनप्रीत सिंग, मनदीप सिंग आदी खेळाडू टोकियो ऑलिंपिकमधील कांस्यपदक विजेत्या संघात होते. ५ ऑगस्ट २०२१ रोजी जर्मनीविरुद्धच्या ५-४ या विजयात सिमरनजीत यांचे दोन गोल होते.

तुलनात्मक विवेचन :

प्रशिक्षकांतील अस्थैर्य हे पहिल्या अपयशाचे सर्वपरिचित स्पष्टीकरण आहे. परंतु ते अपुरे वाटते. २०१७ ते २०१९ या काळातही ओल्टमन्स, मरीन, हरेंद्र सिंग व रीड असे चार प्रशिक्षक झाले. तरीही संघ मोडला नाही. म्हणून फरक अन्यत्र शोधावा लागतो.

पहिला फरक अनुभवाचा होय. २०१३ मध्ये सुरू झालेल्या हॉकी इंडिया लीगमुळे तरुण खेळाडू परदेशी ऑलिंपिकपटूंसोबत व त्यांच्याविरुद्ध खेळू लागले. मनदीप सिंग पहिल्याच हंगामात या लीगमध्ये खेळले, तर हरमनप्रीत सिंग लखनौपूर्वीच रिओ ऑलिंपिकमध्ये (२०१६) खेळले होते. कनिष्ठ व वरिष्ठ पातळीमधील अंतर त्यामुळे कमी झाले. दुसरा फरक आर्थिक आधाराचा आहे. २०१८ पासून ओडिशा शासनाने राष्ट्रीय संघांचे प्रायोजकत्व स्वीकारले. एका राज्य शासनाने घेतलेली ही जबाबदारी भारतीय क्रीडा इतिहासात वेगळी ठरते.

समारोप :

होबार्टच्या पिढीत गुणवत्तेची उणीव नव्हती. २००३ चा आशिया चषक त्याची साक्ष देतो. उणीव होती ती दुखापत, फेरबदल व प्रशासकीय संकट पेलू शकणाऱ्या व्यवस्थेची. कनिष्ठ विश्वविजेतेपद हे भविष्याचे आश्वासन असते, हमी नव्हे. डिसेंबर २०२५ मध्ये भारताने चेन्नई येथे अर्जेंटिनाला ४-२ असे हरवून कनिष्ठ स्पर्धेत कांस्यपदक मिळविले. त्या पदकाचे खरे मोल ठरविताना हाच निकष लावावा लागेल.